आजीची लिली

गावचं घर विकलं तेव्हा आजीने अंगणातले फक्त लिलीचे कांदे उचलले. आता त्या कुंड्या माझ्या बाल्कनीत आहेत. रात्री लॅपटॉप मिटला की गोड वास येतो. सहा लांब, बारीक पाकळ्या, मधे पातळ पांढरी वाटी. आजीच्या मते ही ‘अस्सल आपली’.

मी शोधलं. १७६३मध्ये जॅकॅनने हिच्या एका अमेरिकी जातीचं वर्णन ‘पॅनक्रेशियम’ म्हणून केलं. १८१२मध्ये सॅलिसबरीने तिला वेगळ्या प्रजातीत नेलं : हायमेनोकॅलिस, म्हणजे ‘सुंदर पडदा’. गोंधळ वाटीमुळे, कारण ती दोघींनाही असते. फरक बियांत. पॅनक्रेशियमच्या काळ्या, कोरड्या. हिच्या हिरव्या, गुबगुबीत. सह्याद्रीत पहिल्या पावसाला फुलतं ते पॅनक्रेशियम खरंच इथलं. आजीची लिली मात्र उष्ण अमेरिकेतल्या दमट किनाऱ्यांची. म्हणूनच तिला भरपूर पाणी चालतं. कांद्याची मान तेवढी मातीवर ठेवायची, आणि तो विषारी असल्यामुळे मुलांपासून लांब.

आजीला हे सगळं घाबरतच सांगितलं. ती कुंडीकडे बघत म्हणाली, “म्हणजे तीही घर सोडूनच आली की!”