बॅटमॅनच्या लेखकाचं नाव छापायला ७६ वर्षं लागली

आजची पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

बॅटमॅन माहीत नाही असं पोरगं आता आपल्या गावात सापडायचं नाही. दप्तरावर तो, टी-शर्टवर तो, वाढदिवसाच्या केकवरही तोच. पण बिल फिंगर कोण, असं विचारलं तर मोठी माणसंही गप्प बसतील. त्यांचा त्यात काही दोष नाही. हे नाव छापलंच जाणार नाही अशी सोय कागदावर सह्या करून झालेली होती.

फिंगरचा जन्म १९१४ चा, अमेरिकेतल्या डेन्व्हरचा. वाढला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. ऐन तारुण्यात जागतिक मंदी. लिहायची हौस दांडगी, पण पोटासाठी बुटांच्या दुकानात विक्रेत्याचं काम. अशात बॉब केन या व्यंगचित्रकाराशी ओळख झाली आणि फिंगर त्याच्यासाठी कथा लिहू लागला.

१९३८ साली सुपरमॅन आला आणि तुफान चालला. प्रकाशकाला तसाच आणखी एक हिरो हवा होता. केनने एक चित्र काढलं. अंगात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा, पाठीला ताठ पंख. ते घेऊन तो फिंगरकडे गेला. फिंगर म्हणाला, पंख काढ, मागे झुलणारा झगा दे. मुखवटा डोकं झाकणारा कर, त्याला वटवाघळाचे कान लाव. हातात मोजे घाल आणि लाल रंग घालवून करडा आण. आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणून ओळखतो तो हा.

मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅनची पहिली कथा आली. लिहिली फिंगरने. ब्रूस वेन हे नाव त्याचं. गॉथम सिटी हे नावही त्याचंच. रॉबिन, जोकर घडवण्यात त्याचा हात. कल्पना टिपायला तो वह्या ठेवायचा, चित्रकाराला सोपं जावं म्हणून कथेसोबत संदर्भाची चित्रं कापून द्यायचा.

आणि नाव? केनने प्रकाशकाशी करार केला तो स्वतःच्या एकट्याच्या नावाने. फिंगर त्या करारात कुठेच नव्हता. सुरुवातीला तर तो केनकडूनच पैसे घ्यायचा, प्रकाशकाच्या दप्तरी त्याची नोंद असायचं कारणच नव्हतं. पुढे थेट कंपनीसाठी लिहू लागला, पण ‘निर्माता बॉब केन’ ही ओळ काही हलली नाही.

मग तो भांडला का नाही? एक तर माणूस भिडस्त. त्यात कामाला हळू, मुदत चुकवणारा, आगाऊ पैसे मागणारा. ज्याला पुढच्या महिन्याच्या भाड्याची काळजी, तो संपादकासमोर हक्काची भाषा कुठून करणार?

१९६५ मध्ये जेरी बेल्स या चाहत्याने फिंगरला गाठलं, विचारलं आणि त्याचं खरं काम लिहून काढलं. केनने चिडून लांबलचक पत्र लिहिलं आणि सगळं नाकारलं. १९७४ च्या जानेवारीत फिंगर गेला, वयाच्या साठाव्या वर्षाला महिनाही उरला नव्हता. केनला उपरती झाली ती १९८९ च्या आत्मचरित्रात. फिंगरला हवं तेवढं श्रेय मिळालं नाही हे त्याने तिथे मान्य केलं. पण तोवर १५ वर्षं उलटली होती, आणि करार होता तसाच राहिला.

पुढचं काम केलं मार्क टायलर नोबलमन या लेखकाने. मागे वारस उरला नाही असं सगळे धरून चालले होते. यांनी फोन करत, जुने कागद चाळत फिंगरची नात अथीना हिला शोधून काढलं. वारस सापडल्यावर कंपनीला बोलावंच लागलं. २०१५ मध्ये श्रेय जाहीर झालं, आणि २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ सिनेमात पडद्यावर फिंगरचं नाव झळकलं. तेही कसं? ‘केन आणि फिंगर’ असं नव्हे, ‘फिंगरसह केन’ असं. जुन्या कराराची सावली तेवढी राहिलीच.

आता म्हणाल, हे आपल्याला कशाला? आमच्याच धंद्याचं सांगतो. गावाकडचा वार्ताहर रात्री अपघाताच्या जागी जातो, पंचनामा होईपर्यंत थांबतो, बातमी पाठवतो. सकाळी पेपरात छापून येतं, ‘प्रतिनिधी’. मीही अशा कितीतरी बातम्या दिल्या आहेत. मोठी झाली की तीच बातमी शहरातल्या कुणाच्या तरी बायलाइनने येते. वगनाट्य लिहिणारा, लग्नाच्या डीजेवर वाजणाऱ्या गाण्याचा गीतकार, पुढाऱ्याचं भाषण लिहून देणारा मास्तर, सगळ्यांची हीच कथा.

आपल्याकडचा कायदा मात्र लेखकाच्या बाजूने बराच बोलतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५७ वाचा. हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलंय’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर ५ वर्षंच धरली जातात. म्हणजे ‘तोंडी ठरलं होतं’ म्हणून गाणं कायमचं कुणाचं होत नाही.

पण कायदा आपोआप चालत नाही, पुरावा लागतो. फिंगरच्या बाजूने कागद नव्हता, म्हणून तो आयुष्यभर हरला. बेल्सने वेळीच लिहून ठेवलं आणि नोबलमनने दारं ठोठावली, म्हणून मेल्यावर का होईना नाव लागलं.

तेव्हा लिहिणाऱ्या पोरांनो, गाणं, संहिता, लेख काहीही द्या, आधी स्वतःच्या ई-मेलवर तारखेसह पाठवून ठेवा. पैसे कमी घेतले तरी चालतील, नावाचं लेखी घ्या. आणि बाकीच्यांनी एवढंच करा. यंदा मंडळाची स्मरणिका निघेल किंवा शाळेचं स्नेहसंमेलन होईल, तेव्हा देणगीदारांच्या यादीत एक ओळ वाढवा. नाटक कुणी लिहिलं, ती ओळ.