माळ्यावरचा सापळा

मराठीत 'सापळा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मांस झडून उरलेला हाडांचा सांगाडा हा एक, आणि जनावर पकडण्याचे साधन हा दुसरा. कोशात हे अर्थ शेजारी-शेजारी नांदतात आणि व्यवहारात त्यांचा घोटाळा सहसा होत नाही. परंतु एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून दातेरी जबड्याचे, तुटकी साखळी लोंबणारे गंजके लोखंड खाली येते, तेव्हा दोन्ही अर्थ एकाच वस्तूला लागू पडतात. साधन समोर असते. ते कोणी घडविले, कोणी लावले, कोणत्या रानात आणि कोणासाठी, हे सारे गळून गेलेले असते. घरात उरलेले असते ते एवढेच वाक्य : 'हा पणजोबांचा.'

रायपूरमध्ये अशी वस्तू मराठी घरातून निघावी, यात नवल नाही. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीने रतनपूरच्या हैहय राज्याला नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आणले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत कारभार केला आणि त्यांच्यानंतर सुभेदारांची कारकीर्द सुरू झाली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीत कचेरी रतनपुराहून रायपुरास हलली. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. या प्रत्येक वळणावर मराठी माणूस येथे येत राहिला : आधी कमाविसदार आणि कारकून म्हणून, नंतर वकील, शिक्षक, रेल्वेतील नोकर म्हणून. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा या वस्त्यांतील 'पारा' छत्तीसगढी आहे. तात्या मात्र आपले.

यांपैकी काही घराण्यांकडे गावांची मालगुजारी होती. गाव म्हणजे नुसते धानाचे खार नव्हे. सिहावा, बिंद्रानवागढ, सिरपूर या बाजूंना शेताच्या बांधापलीकडे रान सुरू होई. डुकरे पीक उलथून टाकीत, बिबट्या गुरे नेई, आणि हिंस्र जनावर मारणाऱ्यास सरकारातून बक्षीस मिळे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. गावच्या वाड्यांतील पुष्कळसे सामान शहरातल्या घरांत आले, आणि त्यात बंदुकीबरोबर सापळाही आला. मात्र दोघांची जागा सारखी नव्हती. बंदूक बैठकीच्या भिंतीवर गेली, सापळा मोडक्या नांगराच्या फाळांशेजारी माळ्यावर गेला. साहेबाच्या शिकारशास्त्रात सापळा हे कमीपणाचे साधन होते. त्यात ना नेम, ना धाडस. आपल्याकडच्या मालगुजारानेही ते मत उचलले, आणि जे काम सापळ्याने झाले तेही स्मृतीत बंदुकीच्या नावावर जमा झाले. घराण्यातील शिकारकथा ऐकताना हे ध्यानात ठेवावे लागते.

वस्तू ओळखण्याची सुरुवात हातापासून होते, आणि तीही जपून. कारण शंभर वर्षे पडून राहिलेल्या पोलादी पट्टीत अजून बोट मोडण्याइतका जोर असू शकतो. सापळा कधीही उघडून, ताणून पाहू नये. प्रथम पाहावा तो जबडा : दातेरी की सपाट, चौकोनी की अर्धगोल. मग कमान : एका बाजूस एकच दुमडलेली पट्टी आहे की दोन्ही बाजूंस. मग मधली थाळी, साखळी, तिच्यातील फिरती कडी. एका बाजूस एकच पट्टी असलेला दातेरी सापळा बहुधा इंग्लिश घडणीचा असतो. स्टॅफर्डशायरमधील वेन्सफील्ड हे गाव एकोणिसाव्या शतकात जणू सापळ्यांचेच गाव होते. हेन्री लेन, विल्यम साइडबॉटम अशी तेथील कारखानदारांची नावे थाळीवर वा पट्टीवर उमटविलेली सापडतात. सशापासून मोठ्या श्वापदांपर्यंत निरनिराळ्या मापांचे सापळे तेथून वसाहतींत जात. खुद्द इंग्लंडात या जातीच्या सापळ्यावर १९५८ मध्ये बंदी आली.

दुसरे घराणे अमेरिकन. न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे १८४८ मध्ये स्थापन झालेली एक धार्मिक सामुदायिक वसाहत होती. खाजगी मालमत्ता पाप मानणाऱ्या या मंडळींचा चरितार्थ दीर्घकाळ चालला तो स्यूएल न्यूहाउस नावाच्या सभासदाने सिद्ध केलेल्या पोलादी सापळ्यावर! १८८१ मध्ये ही वसाहत मोडून तिची कंपनी झाली. त्यामुळे न्यूहाउस सापळ्यावरील ठशात 'लिमिटेड' ही अक्षरे असतील तर तो त्या वर्षानंतरचा, हे निश्चित. ठशात पेटंटचे वर्ष असेल तर मात्र सावध राहावे. ते शोधाचे वर्ष असते, घडणीचे नव्हे. पुढे अनेक वर्षे तोच ठसा वापरला जाई. हौशी वारसदार येथेच बहुधा फसतो आणि सापळ्याचे वय वीस-तीस वर्षांनी वाढवून बसतो.

मोठ्या सापळ्याचे माप काय असे, याची कल्पना जिम कॉर्बेट यांच्या वृत्तान्तावरून येते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी त्यांना मिळालेला सापळा पाच फूट लांब आणि ८० पौंड वजनाचा होता. त्याचे दात तीन इंचांचे होते आणि कमानी दाबण्यास दोन माणसे लागत. तो बिबट्या अखेर १९२६ मध्ये गोळीनेच मेला, ही गोष्ट वेगळी.

ठसा नसेल तर बहुतेक वारसदार निराश होतात. वास्तविक खरी उत्सुकता तेथून सुरू व्हावी. ठसा नसलेला सापळा बहुधा गावच्या लोहाराने साहेबी नमुना पाहून घडविलेला असतो. त्याचे दोन जबडे तंतोतंत जुळत नाहीत, खिळे हाताने ठोकलेले असतात, दात कानशीने एकेक कापल्याने अंतर कमीजास्त असते. कमानीसाठी लागणारे पोलाद लोहाराला भट्टीत मिळण्यासारखे नव्हते, म्हणून कधी गाडीच्या कमानीची पट्टी वापरलेली दिसते. मैकल पर्वताच्या भागात अगरिया लोक दगडातून कोळशाच्या भट्टीत लोखंड काढीत; व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तसल्या लोखंडात मळीच्या रेषा लाकडाच्या शिरांसारख्या दिसतात. माळ्यावरच्या सापळ्याला घासकागद लावला की या शिरा, हातोडीचे ठोके आणि असलाच तर अर्धवट ठसा, सारेच जाते. चकचकीत केलेला सापळा हा पुसलेला कागद होय.

येथवरची ओळख लोखंडाची झाली. परंतु छत्तीसगढच्या रानात लोखंडी सापळा हा उशिरा आलेला पाहुणा आहे. त्याआधी आणि त्याच्यानंतरही पकडण्याचे काम झाले ते दोरी, तात, बांबू आणि चीक यांनी. पक्ष्यांसाठी फांदा, काडीला लावलेला चिकट लासा, शेताच्या बांधातून पाणी सुटते तेथे बसविण्याची माशांसाठी विणलेली चोरिया, डुकरासाठी ताणलेली जाळी. मराठीत या जाळ्याला 'वाघूर' म्हणतात. संस्कृतातील 'वागुरा' ती हीच. बस्तरमध्ये सामुदायिक शिकारीला 'पारद' म्हणतात, आणि तो शब्द ऐकताच मराठी वाचकाला आपली 'पारध' आठवते. या 'पारध' शब्दाची व्युत्पत्ती 'पापर्द्धि' अशी, म्हणजे पापाची वाढ अशी दिली जाते. शिकारीवर जगणाऱ्या माणसाचे नावच त्या शब्दावरून पडले, आणि नाव ठेवणारे अर्थातच ते नव्हते.

रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्यप्रांताच्या जातिजमातींवरील ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखा दिल्या आहेत. त्या वाचताना आपण सापळ्यांची यादी वाचत आहोत असा भास होतो. फासे लावणारे फांस पारधी, चित्ता धरणारे चीता पारधी, बैलाच्या आडोशाने हरणाजवळ जाणारे गायके. जातीचे नाव हेच अवजाराचे नाव. हरणांच्या वाटेवर खुंट्या ठोकून एका लांब दोरीला फाशांची माळ बांधावी, आणि मग कळपाला हळूच त्या बाजूस वळवावे, हे त्यांचे तंत्र. यात लोखंड नाही, ठसा नाही, पेटंट नाही. आहे ती फक्त जनावराच्या चालीची जाण. ती वस्तू माळ्यावर टिकत नाही. उंदीर तात कुरतडतात, कातड्याचा फास वाळून तुटतो. पारध्याच्या घराला तर माळाच नव्हता.

कायद्याने मालगुजाराच्या हातात परवाना दिला आणि पारध्याच्या हातात हजेरीचे पुस्तक. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांची कक्षा वाढत गेली, तशा पारध्यांच्या अनेक शाखा तिच्यात आल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत फास लावणे, सापळा लावणे येते, आणि 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत जाळी, फासे, सापळे येतात. जंगलाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते, आणि आजही क्लच वायरच्या फाशात व चोरून टाकलेल्या विजेच्या तारेत जनावरे मरतात हे पाहता त्याची गरज संपलेली नाही. पण एकच वस्तू एका घरात वारसा ठरते आणि दुसऱ्या झोपडीत पुरावा ठरते, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

मग या वस्तूचे मोल करावे कसे? परदेशात कारखानदाराचे नाव, दुर्मीळता, अवस्था आणि मूळ साखळी-कडी शाबूत असणे यांवर संग्राहक किंमत ठरवितात. आपल्याकडे असा रुळलेला बाजार नाही; भंगारवाला किलोने घेतो. त्यातच १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीवर किंवा गतकाळाच्या रीतिरिवाजांवर प्रकाश टाकणारी वस्तू त्याच्या व्याख्येत बसू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा अमेरिकेतील संग्राहक न्यूहाउस सापळ्याला काय देईल, हा हिशेब रायपूरच्या वारसदाराच्या फारसा उपयोगाचा नाही. त्याच्या उपयोगाची वस्तू सापळ्याशेजारच्या पेटीत असू शकते : गावाचा मोडी लिपीतील जमाखर्च, बक्षिसाची पावती, शस्त्रपरवाना. लोहाराला अमुक कामाचे इतके धान दिले, पारध्याला बिबट्यासाठी बोलावून इतके दिले, अशी एक ओळ सापडली तरी मुका लोखंडाचा तुकडा बोलू लागतो. मोडी वाचणारे घरात उरले नाहीत म्हणून पेटी आधी रद्दीत जाते आणि सापळा मागून भंगारात. क्रम उलटा असता तरी चालले असते.

रायपुरात अशा वस्तूसाठी दार मात्र आहे. राजनांदगावचे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये येथे वस्तुसंग्रहालय उभारले. त्याची अष्टकोनी जुनी वास्तू अजून उभी आहे. नव्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. जगदलपूर येथील मानवशास्त्रीय संग्रहालयात बस्तरच्या आदिवासींची रोजच्या वापरातील अवजारे जपलेली आहेत. या संग्रहालयांना वस्तूपेक्षाही तिच्या नोंदीची भूक असते. वारसदाराने सापळ्याबरोबर गावाचे नाव, रानाचे नाव, लावणाऱ्याचे कूळ, घरात त्याला काय म्हणत तो शब्द, खटका की फांदा, एवढे लिहून दिले तरी पुष्कळ झाले. देणारा बहुधा पणजोबांचे नाव आवर्जून लिहितो. सापळा लावणाऱ्याचे नाव लिहिण्याची जागा रिकामी राहते.

आणि जो सापळा कोणत्याच माळ्यावर सापडणार नाही, तो चीता पारध्यांचा. चित्ते ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, खोडाला नखे लावतात, खूण सोडतात. पारधी असे झाड हेरीत आणि त्याच्याभोवती हरणाच्या तातीचे फासे खुंट्यांनी रोवीत. पिल्लू धरण्यात अर्थ नसे; आईकडून शिकार शिकलेला मोठा चित्ताच काळविटावर सोडण्याजोगा होई. असे चित्ते राजेरजवाड्यांकडे जात. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरीही चित्ते आणि चित्तेवान होते. जनावर जिवंत, अंगावर ओरखडा नाही, आणि वापरून झाल्यावर साधन गुंडाळून पिशवीत. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगढात, तीन चित्ते मारले गेले आणि ते भारतातील अखेरचे मानले जातात. तेही बंदुकीने. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने भारतात आले आणि कुनोच्या रानात सोडले गेले. छत्तीसगढच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'चीता पारधी' आणि 'फांस पारधी' ही नावे अजूनही छापली जातात.