कर्ज तेच, सावकार नवा

गिरणगावात आमच्या वडिलांच्या पिढीला पतपेढीचं कर्ज ठाऊक. 1977 साली हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली आणि पगारदाराला घरासाठी हप्त्याने कर्ज मिळू लागलं. 1 जुलै 2023 रोजी ही कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. कंपनी स्वतःच्या मूळ दरावर व्याज लावायची. बँकांना मात्र ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. त्यातच रेपो वर्षभरात 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेलेला. हप्ता तोच ठेवला की मुदत वाढते, कधी निवृत्तीपलीकडे. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं: हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला ठरवू द्या. म्हणून मी शेजाऱ्यांना सांगतो, नवं पत्र फाईलला लावण्याआधी दर, हप्ता, मुदत तिन्ही वाचा हो!