रोटावेटरची कुळकथा

आमच्या भंडारा जिल्ह्यात मृग लागला की लोकांच्या बोलण्यात दोनच विषय उरतात: पाऊस आणि पऱ्हे. धानाचे बी दाट टाकून वाढविलेली रोपे म्हणजे पऱ्हे. ती तीनेक आठवड्यांची झाली की उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवावयाची. बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरे घालून पाणी अडविलेला शेताचा लहानसा तुकडा. पऱ्हे म्हातारे झाले की फुटवे कमी येतात आणि पीक बसते, म्हणून चिखलणीचे ते आठ-पंधरा दिवस म्हणजे शेतकऱ्याची वार्षिक परीक्षाच! पूर्वी या परीक्षेला हेल्यांची जोडी बसत असे. आता बहुधा ट्रॅक्टर बसतो. त्याच्या पाठीमागे चिखल घुसळणाऱ्या पात्यांचे जे यंत्र असते, त्यास लहानथोर सारेच रोटावेटर म्हणतात. या पाहुण्याचे कूळ शोधावे असे एका मास्तराला का वाटले, ते ओघाने येईलच.

लाकडी नांगराचे कूळ कोणास विचारावे लागत नसे. तो गावचाच सुतार घडवी, फाळ गावचाच लोहार पाजवी आणि दोघांचा मोबदला खळ्यावर धान्यात चुकता होई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तेथले नांगर महाराष्ट्रभर गेले. पण लाकडी काय, लोखंडी काय, नांगर हा ओढावयाचाच. शक्ती सारी बैलांच्या खांद्याची.

पातेच फिरते ठेवावे, ही कल्पना निराळी. ती सुचलेल्यांपैकी एक आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड. हा ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर त्याने वाफेच्या इंजिनाची शक्ती घेऊन पाती लावलेला दांडा फिरवून पाहिला. माती तर झकास भुसभुशीत झाली. पण सगळी एका बाजूस फेकली जाऊ लागली! पुष्कळ खटपट करून त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकविलेली पाती लहान व्यासाच्या दांड्यावर, चकत्यांमध्ये चांगले अंतर ठेवून बसविली, तेव्हा ती खोड मोडली. १९२० साली त्याने पेटंट घेतले, १९२२ साली कंपनी काढली आणि १९३८ साली तो इंग्लंडात गेला. रोटावेटर हे नाव त्याच्याच यंत्राचे. इंग्रजी अक्षरांत लिहिले तर ते उलटसुलट सारखेच वाचता येते. आमच्या वर्गातील मुलांना सबंध कुळकथेत हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडली.

भातखाचरांत ही विद्या पुष्कळशी जपानच्या वाटेने आली. बंगलोरच्या व्ही. एस. टी. कंपनीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या साहाय्याने, आणि केरळ सरकारच्या कामकोने १९७३ पासून कुबोटाच्या साहाय्याने, माणसाने मागून चालत हाकावयाचे दुचाकी टिलर आपल्या देशात बनविले. लहान ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचा रोटावेटर हा त्याच गोत्रातला. आमच्या चिमुकल्या बांध्यांत मोठ्या ट्रॅक्टरला वळावयास जागा पुरत नाही, तेथे हा बरा.

आता मूळ प्रसंग. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्याने एक जुना लहान ट्रॅक्टर घेतला. मागचा रोटावेटरही दुसऱ्याने वापरून काढलेला. पाती झिजली म्हणून नवी आणून घरच्या मुलांनीच बसविली. बांधीत उतरताच यंत्र हिवताप भरल्यासारखे थरथरू लागले, चिखल एकीकडेच उडू लागला आणि मध्ये न फुटलेल्या मातीचा पट्टा राहू लागला. दुसऱ्या दिवशी तेलही गळू लागले. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, माल आठ दिवसांनी येईल. पऱ्हे तेव्हा अठ्ठावीस दिवसांचे झाले होते, आणि शेजारीण सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे पाहून गप्प बसत होती.

शेवटी गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावले. हा जातिवंत लोहार. याच्या वडिलांनी अर्ध्या गावाचे फाळ पाजविलेले. त्याने आधी इंजिन बंद करविले, रोटावेटर उचलून त्याखाली लाकडाचे ओंडके सारले, आणि मग मला म्हणाला, "गुरुजी, तुमचा चष्मा चांगला हाये. डावी किती, उजवी किती, मोजा बरं!"

मी मोजू लागलो. दर चकतीवर सहा पाती. त्यांत तीन डावीकडे वळलेली आणि तीन उजवीकडे हवीत. कडेच्या चकत्यांवरची मात्र सारी आत वळलेली. मुलांनी हाती येईल ते पाते बसविले होते. काहींची तर धार मागे आणि पाठ पुढे! मिस्त्रीने सगळी उतरविली, पोत्यावर दोन ढीग केले आणि ओळीने अशी बसविली की दांड्यावर त्यांचा जिन्यासारखा पीळ दिसावा. सारी पाती एकदम मातीवर आदळली तर यंत्र हादरणारच; एकामागून एक उतरली म्हणजे ते शांत चालते. गिलगांड्राच्या पोराला अडविणारा तोच प्रश्न या म्हाताऱ्याने एका दुपारी सोडविला. हॉवर्डचे नाव त्याने ऐकले नव्हते. मीही नव्हते, त्या रात्री पुस्तके काढून बसलो.

गळतीचे कारण दांड्याच्या टोकाशी होते. तेथे तणसाचा दोर वळून घट्ट बसला होता. त्याने ऑइल सील कापले, चिखलाचे पाणी आत गेले आणि तेल दुधाळ चहासारखे झाले. मिस्त्रीने ते काढून टाकले, डिझेलने पेटी धुतली आणि जुने सील मोजले: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. "सील कंपनीचं नसते, मापाचं असते," असे म्हणून त्याने मुलाला पंप दुरुस्त करणाऱ्याकडे पिटाळले. तासाभरात सील हजर! ट्रॅक्टर आणि रोटावेटर यांना जोडणाऱ्या दांड्याचे दोन्ही काटेही त्याने एका रेषेत आणले. ते तिरके बसल्यामुळेच आतून ठकठक येत होती. शिवाय तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणून त्यावरचे झाकण निघाले असेल तर जवळ धोतर-पदर फिरकू द्यावयाचा नाही, असा दमही त्याने भरला.

मात्र हे यंत्र त्याला फारसे आवडत नाही. दरवर्षी तेवढ्याच खोलीवर पाती फिरली की खाली घट्ट थर बसतो. धानाला तो चालतो, पाणी धरून ठेवतो. पण मागून हरभरा घ्यावयाचा तर मुळे अडतात. लोखंडाच्या विषाची जुनी भीती खोटी ठरली. ही मात्र खरी आहे, आणि अधूनमधून खोल नांगरट करण्यावाचून तिला उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बांध्या तयार झाल्या. पऱ्हे एकतिसाव्या दिवशी रोवले गेले. पीक थोडे कमी आले, पण आले. मिस्त्रीने मजुरीचे पैसे घेतले आणि वर दिवाळीला नव्या धानाची एक पायली मागितली. त्याचे वडील प्रत्येक घरून तेवढीच घेत. शेजाऱ्याचा मुलगा ती धनत्रयोदशीला सायकलवरून पोहोचवून आला.