घरात कोंबड्या पाळण्यापूर्वी...

शहरातील बंगल्याच्या परसात वा चाळीच्या अंगणात चार कोंबड्या पाळण्याची हौस अनेकांना असते. मात्र, त्यासाठी परवानगी लागते का, याची माहिती थोड्यांनाच असते.

केवळ घरच्या अंड्यांसाठी पाळलेल्या मोजक्या कोंबड्या आणि कुक्कुटपालनाचा धंदा यांत कायदा फरक करतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 376 नुसार, आयुक्तांच्या मते आरोग्यास धोकादायक किंवा उपद्रवकारक ठरणारा धंदा परवान्याविना करता येत नाही. मुंबईला 1888 चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. इतरांस उपद्रव होईल अशा रीतीने जनावर पाळण्यास त्यात मनाई आहे. पाच हजारांहून अधिक पक्षी असल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही आवश्यक ठरते. खुराड्यासाठी पक्के बांधकाम करावयाचे असल्यास नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

शेजाऱ्यांची तक्रार

पहाटेची बांग आणि विष्ठेची दुर्गंधी ही वादाची नेहमीची कारणे. सोसायटीत राहणाऱ्यांनी आपल्या उपविधींतील तरतुदी आधी पाहाव्यात. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे तक्रार करता येते. सार्वजनिक उपद्रव असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 152 अन्वये कार्यकारी दंडाधिकारी तो दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. दुसरीकडे, पक्ष्यांना हालचालही करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे.

मरतूक लपवू नये

देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. जानेवारी 2021 मध्ये परभणीतील मुरुंबा गावीही हा रोग पोहोचला. बाधित परिसरातील पक्षी नष्ट करताना मोठी कुक्कुटशाला आणि परसातील खुराडे असा भेद केला जात नाही. प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय अधिनियमानुसार संशयित रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. कोंबड्या अचानक मरू लागल्यास मृत पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे खबर देण्यातील दिरंगाई मालकाच्याच अंगाशी येते.