गावाचे आरोग्य गावाच्या हाती

वाचकहो, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले १८४५ साली. खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे सुचविणारा भोर समितीचा अहवाल आला १९४६ साली, आणि केंद्रे उघडू लागली १९५२ पासून. शंभरावर वर्षांचे हे अंतर नुसत्या इमारतींनी कसे भरून निघावे?

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला कार्य आरंभिले व गावोगावच्या स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. तरीही सुरक्षित बाळंतपण, बालकांचा आहार, स्वच्छ पाणी यांची जबाबदारी त्यांनी समर्थपणे पेलली.

पालकहो, मग शिकलेली मुलगी काय करणार नाही? तिची शाळा अर्ध्यावर सोडविण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा.