प्रमाणाकडून परीक्षेकडे : काँक्रीटच्या सामर्थ्यचाचणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी हे काँक्रीटचे प्रमुख घटक होत. पहिल्या तिघांचे प्रमाण १:२:४ असे सांगण्याची बांधकाम व्यवसायातील रीत जुनी आहे. पाण्याचा मात्र त्यात उल्लेख नसतो. काँक्रीटच्या सामर्थ्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी या अनुल्लेखित घटकाला मोजमापाच्या कक्षेत आणण्याचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्यातील तीन टप्प्यांचा विचार केला आहे.

लंडनमधील प्रारंभ :
जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. तथापि मालाच्या दर्जात सातत्य नव्हते. लंडनच्या मलनिस्सारण योजनेवर जोसेफ बॅझलगेट यांचे सहायक असलेले अभियंता जॉन ग्रँट यांनी १८५९ पासून सिमेंटच्या पद्धतशीर चाचण्या घेतल्या. सात दिवस पाण्यात ठेवलेला नमुना सव्वादोन चौरस इंच छेदावर ४०० पौंडांचा ताण सहन करील, तरच माल स्वीकारला जाई. विक्रेत्याच्या शब्दाची जागा अशा रीतीने अंकाने घेतली. पाणी जितके कमी तितके बळ अधिक, असेही ग्रँट यांना आढळले.

अब्रॅम्स यांचा नियम :
या निरीक्षणाला नियमाचे रूप शिकागो येथील लुईस इन्स्टिट्यूटमधील डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये दिले. मिश्रण कामास योग्य असेल तोवर त्याचे सामर्थ्य मुख्यत्वे पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. सिमेंटच्या जलसंयोगासाठी लागते त्याहून अधिक पाणी पुढे सूक्ष्म पोकळ्या मागे ठेवते व त्यामुळे काँक्रीट दुबळे होते.

भारतीय मानके :
भारतात आयएस ४५६ हे मानक १९५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच्या २००० च्या आवृत्तीत एम २० या प्रतीच्या ठोकळ प्रमाणातील मिश्रणासाठी ५० किलो सिमेंटमागे कमाल ३० लिटर पाण्याची मर्यादा घातलेली आढळते. या प्रतीचे १५० मि.मी.चे ठोकळे २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडले असता सामर्थ्य प्रति चौरस मि.मी. २० न्यूटन अपेक्षित असते. पाच टक्क्यांहून अधिक निकाल त्याखाली जाऊ नयेत, असा संकेत आहे. सामर्थ्य हे एका आकड्याऐवजी संभाव्यतेच्या भाषेत मांडले गेले, हा यातील महत्त्वाचा बदल होय.

निष्कर्ष :
चाचणीमुळे खरेदीदार व कंत्राटदार यांच्यात तटस्थ निवाडा शक्य झाला. परंतु ठोकळा नियंत्रित तापमानाच्या पाण्यात मुरतो, तर स्तंभ व छत उन्हात उभे असतात. म्हणूनच त्याच आवृत्तीत साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान सात दिवस, तर उष्ण व कोरड्या हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवण्याची सूचना आहे. ठोकळ्याची परीक्षा मिश्रणाविषयी निर्णय देते. इमारतीविषयीचा निर्णय मात्र पाणी मोजणाऱ्या आणि पाणी मारणाऱ्या हातांवरही अवलंबून राहतो.